दाहलेमची मागणी, आउशविट्झचा पुरवठा: ओटमार फॉन फेरशूअर प्रकरण

२० मार्च १९४४. बर्लिनच्या दाहलेम भागातल्या एका संशोधन संस्थेच्या संचालकाने आपल्या अनुदानाचा प्रगती-अहवाल पाठवला. प्रकल्पाचं नाव होतं ‘विशिष्ट प्रथिने’. अहवालात त्याने नोंदवलं की माझा सहायक डॉ. मेंगेले आता या कामात सहभागी झाला आहे. तो आउशविट्झच्या छळछावणीत एसएस या नाझी निमलष्करी दलाचा अधिकारी आणि छावणीचा डॉक्टर म्हणून नेमणुकीवर आहे. तिथल्या निरनिराळ्या वंशगटांची मानवशास्त्रीय तपासणी एसएसचा प्रमुख हिमलर याच्या परवानगीने चालू आहे आणि रक्ताचे नमुने माझ्या प्रयोगशाळेकडे पाठवले जात आहेत.

या अहवालात काहीही लपवलेलं नाही. छावणीचं नाव आहे, डॉक्टरचं नाव आहे, परवानगी कोणाची तेही आहे. ज्यांच्या हातात तो पडणार होता त्यांच्यापैकी कोणी दचकेल अशी शंकाही लिहिणाऱ्याच्या मनात दिसत नाही.

लिहिणारा होता ओटमार फॉन फेरशूअर, ‘कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजनन संस्थे’चा संचालक. (सुप्रजनन म्हणजे कोणाला मुलं व्हावीत आणि कोणाला नाही हे ठरवून वंश ‘सुधारण्याची’ कल्पना.) योझेफ मेंगेलेचं नाव जगाला माहीत आहे. त्याच्या क्रौर्याच्या कथा इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की तो माणूस न राहता राक्षस झाला आहे, आणि राक्षस ठरवला की प्रश्न संपतो. म्हणून हे प्रकरण मेंगेलेच्या बाजूने न पाहता पाकिटावरच्या पत्त्याच्या बाजूने पाहायचं आहे. पार्सलं कुठे जात होती, कोण मागवत होतं, पैसे कोण मंजूर करत होतं, आणि नंतर या सगळ्यांना सोडवलं कोणी?

संस्था आणि तिची सवय

ही संस्था १९२७ मध्ये सुरू झाली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या सहा वर्षं आधी. जर्मनीत तेव्हा लोकशाही होती. त्या वर्षी बर्लिनला आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद भरली होती आणि त्याच मुहूर्तावर दाहलेममध्ये संस्थेचं उद्घाटन झालं. पुढे अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननेही तिला पैसा दिला. म्हणजे ही नाझींनी उभारलेली बनावट प्रयोगशाळा नव्हती. जगातल्या शास्त्रज्ञांनी तिला आपल्यातलं मानलं होतं.

पहिला संचालक ऑयगेन फिशर. त्याचं नाव झालं ते १९०८ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, केलेल्या अभ्यासामुळे. तिथल्या रेहोबोथ गावात युरोपीय पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संततीची त्याने मोजमापं घेतली आणि मिश्रविवाहांविरुद्ध निष्कर्ष काढले. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. छावण्यांत मेलेल्यांच्या कवट्या जहाजांतून जर्मनीच्या संग्रहालयांत आणि विद्यापीठांत गेल्या. दाहलेमच्या संस्थेत फेलिक्स फॉन लुशानने जमवलेला मोठा संग्रहही आला. त्यात वसाहतींतून आणलेल्या कवट्या आणि हाडं होती.

मला या प्रकरणाची मुळं इथे दिसतात. माणूस जिवंत असो की मेलेला, तो ‘सामग्री’ आहे. ती कुठून आली हे पाहणं संशोधकाचं काम नाही. ती नीट नोंदवून ठेवली की झालं. ही सवय संस्थेला हिटलरने लावली नाही. त्याने तिच्यापुढे अमर्याद सामग्री ठेवली.

या इमारतीशी आपला एक संबंध आहे, आणि तो इथेच सांगायला हवा. इरावती कर्वे पुण्याहून १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच संस्थेत आल्या आणि फिशरच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. युरोपीय माणसाच्या कवटीत उजवी बाजू अधिक मोठी असते आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा फिशरचा होरा होता. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि लिहिलं की कवटीच्या या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास होतं. परका देश, परकी भाषा, आणि पदवी ज्याच्या हातात त्याचाच सिद्धांत आकडे नाकारत होते. त्यांनी आकड्यांचं ऐकलं.

त्यांनी मोजलेल्या कवट्यांमध्येही वसाहतींतून आलेल्या होत्या. त्या मिळवण्यात त्यांचा हात नव्हता, पण त्या कामाचा पाया त्याच संग्रहावर होता हे झाकण्यात अर्थ नाही. इरावतीबाईंचं उदाहरण मी देतो ते वेगळ्या कारणासाठी. ‘त्या काळात सगळे तसंच मानत होते’ असं फिशर-फेरशूअरच्या बचावासाठी नेहमी म्हटलं जातं. सगळे मानत नव्हते. त्याच इमारतीत, त्याच मोजपट्ट्या वापरून, एका विद्यार्थिनीने उलट निष्कर्ष काढून दाखवला होता, आणि तोही हुकूमशाही येण्याआधी, जेव्हा तो ऐकून घ्यायला कोणालाच जिवाची भीती नव्हती.

१९३३ नंतर

हुकूमशाही आली तेव्हा संस्थेवर कोणी रणगाडा घातला नाही. फिशर १९३३ मध्येच बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. सुप्रजनन विभागाचा प्रमुख हेरमान मुकरमान नव्या राजवटीला नको होता, त्याला काढलं गेलं. बाकीच्यांनी काम वाढवलं. १४ जुलै १९३३ ला आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून लागू झाला. सुमारे ४ लाख लोकांची निर्बीजीकरणं त्याखाली झाली. या कायद्याला लागणारी ‘आनुवंशिक न्यायालयं’, त्यांत बसणारे डॉक्टर आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापक असा सगळा सरंजाम उभा राहिला. दाहलेमच्या संस्थेत एसएसच्या डॉक्टरांना अभ्यासक्रम शिकवले गेले. कोण ज्यू आणि कोण नाही, कोणाचा बाप कोण, यावर संस्थेतले तज्ज्ञ अभिप्राय लिहून देत होते.

१९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या किमान ३८५ मुलामुलींची गुपचूप निर्बीजीकरणं झाली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे तैनात असलेल्या फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांची आणि जर्मन स्त्रियांची ही मुलं. यासाठी तर कायदाही नव्हता. निर्बीजीकरणापूर्वी मुलाची ‘वांशिक तपासणी’ होई आणि तज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागे. ते देणाऱ्यांत फिशर होता आणि त्याच संस्थेतला वोल्फगांग आबेल होता. या मुलांना कसलाही रोग नव्हता. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, मुलं आणली, शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली, आणि दोघांच्या मध्ये शास्त्रज्ञाची सही होती. सही नसती तर ते उघड गुंडगिरी दिसलं असतं. सही झाली म्हणून ते वैद्यकीय काम दिसलं.

फेरशूअर या संस्थेत पहिल्यापासून होता, मानवी आनुवंशिकी विभागाचा प्रमुख म्हणून. जुळ्यांचा अभ्यास हे त्याचं क्षेत्र. एकबीज जुळ्यांत एखादा रोग दोघांनाही किती वेळा होतो आणि द्विबीज जुळ्यांत किती वेळा, यावरून त्या रोगात आनुवंशिकतेचा वाटा किती हे काढायचं. कार्ल डील या डॉक्टरसोबत त्याने क्षयरोगी जुळ्यांवर मोठा अभ्यास केला, १९३३ मध्ये तो छापून आला आणि देशाबाहेरही वाखाणला गेला. पद्धत खरी होती, आजही ती वापरली जाते. हे मुद्दाम सांगतो, कारण गुन्ह्यात सामील झालेले सगळे भोंदूच असणार असं समजून आपण निश्चिंत होतो. फेरशूअर भोंदू नव्हता. चर्चला जाणारा, सभ्य वागणुकीचा, खानदानी माणूस, असं त्याला ओळखणारे सांगत.

१९३५ मध्ये तो फ्रांकफुर्टला नव्या संस्थेचा प्रमुख म्हणून गेला. दोन वर्षांनी तिथे एक तरुण सहायक आला, मेंगेले. दुभंगलेले ओठ आणि टाळू असलेल्या कुटुंबांवर त्याने फेरशूअरकडे वैद्यकाचा प्रबंध केला. १९४२ मध्ये फिशर निवृत्त झाला आणि फेरशूअर दाहलेमला संचालक म्हणून परतला. १९४३ च्या जानेवारीत त्याने फिशरला कळवलं की मेंगेलेची बदली बर्लिनला झाली आहे आणि फावल्या वेळात तो संस्थेत काम करेल. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस मेंगेले आउशविट्झला रुजू झाला.

प्रथिनांचा प्रकल्प

फेरशूअरला काय हवं होतं? रक्तावरून वंश ओळखण्याची चाचणी.

दहा वर्षं वंशशास्त्राचा डंका पिटूनही नाझी राज्याला ज्यू माणूस रक्ताच्या तपासणीवरून ओळखता येत नव्हता. आजी-आजोबांचे चर्चचे दाखले बघावे लागत. प्रत्येक वंशाची प्रथिनं वेगळी असतील, तर रक्ताच्या थेंबातून उत्तर मिळेल, अशी आशा होती. त्यासाठी निरनिराळ्या वंशांच्या माणसांचं रक्त भरपूर हवं होतं, जुळ्यांचं आणि कुटुंबांचं असेल तर अधिकच चांगलं. युद्धाच्या त्या वर्षांत असे सगळे लोक एका जागी कुठे सापडणार, याचं उत्तर एकच होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये फेरशूअरने एका सहकारी प्राध्यापकाला लिहिलं की निरनिराळ्या वंशांच्या २०० हून अधिक लोकांच्या रक्तद्रवापासून नमुने तयार झाले आहेत.

पद्धत होती एमिल आब्डरहाल्डेन या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाची. शरीरात परकं प्रथिन शिरलं की शरीर नेमकं तेच प्रथिन तोडणारी ‘संरक्षक विकरं’ (एन्झाइम) तयार करतं, असा त्याचा १९०९ पासूनचा दावा. त्यावर बेतून दाहलेमची योजना अशी की माणसाच्या रक्तातली प्रथिनं वाळवून सशाला टोचायची आणि सशाच्या मूत्रात ती विकरं शोधायची. गंमत म्हणून नाही, भीषण म्हणून सांगतो: ही विकरं अस्तित्वातच नव्हती. लेओनोर मिकाएलिस या जीवरसायनशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच प्रयोग करून बघितला होता आणि त्याला ती सापडली नव्हती. मिकाएलिस ज्यू होता, त्याला जर्मनीत नीट जागा मिळाली नाही, तो आधी जपानला आणि मग अमेरिकेला गेला. आब्डरहाल्डेन मात्र मोठ्या संस्थांचा प्रमुख राहिला. ज्या देशात एका मोठ्या माणसाच्या चुकीच्या प्रयोगावरचा आक्षेप तीस वर्षं मनावर घेतला गेला नाही, त्या देशात उपाशी कैद्यांचं रक्त त्या चुकीच्या प्रयोगासाठी काढलं गेलं. हांजी-हांजीची सवय संशोधनाला आतून पोखरते ती अशी, आणि तिची किंमत भलतेच लोक देतात.

प्रयोगशाळेतलं काम पाहायला ग्युंटर हिलमान हा जीवरसायनतज्ज्ञ होता. तो आडोल्फ बुटेनान्टच्या जीवरसायन संस्थेशी जोडलेला होता. बुटेनान्टला १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. अनुदान आलं जर्मन संशोधन निधीकडून, राइश संशोधन परिषदेच्या मंजुरीने. परिषदेच्या वैद्यक विभागाचा प्रमुख होता फर्डिनांड साउअरब्रुख, छातीच्या शस्त्रक्रियांचा जगप्रसिद्ध शल्यचिकित्सक. अर्ज, छाननी, मंजुरी, हप्ता, अहवाल, पुढचा हप्ता. कुठल्याही टेबलावर फाइल अडली नाही.

डोळे

संस्थेत कारिन माग्नुसेन नावाची जीवशास्त्रज्ञ होती, १९३१ पासून नाझी पक्षाची सदस्य. तिचा विषय डोळ्यांचा रंग. ती आधी सशांच्या डोळ्यांवर काम करायची. मग तिला उत्तर जर्मनीतल्या एका सिंती कुटुंबाबद्दल कळलं, ज्यात बऱ्याच जणांचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी होता. सिंती आणि रोमा म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं जाई ते लोक. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी उत्तर भारतातून गेले. माग्नुसेनने या कुटुंबातल्या लोकांच्या डोळ्यांचे फोटो घेतले. १९४३ मध्ये ते कुटुंब आउशविट्झ-बिर्केनाउच्या ‘जिप्सी छावणी’त पाठवलं गेलं. त्याच छावणीच्या विभागात मेंगेले डॉक्टर झाला.

युद्धानंतर माग्नुसेनने स्वतःच सांगितलं की या कुटुंबातलं कोणी मेलं तर डोळे आणि शवविच्छेदनाचा अहवाल आपल्याला मिळावा, अशी तिने मेंगेलेकडे विनंती केली होती. डोळे आले. तिने त्यांचे काप करून अभ्यास केला.

‘कोणी मेलं तर’ या शब्दांवर थांबायला हवं. हे तरुण कुटुंब होतं, त्यात लहान मुलं होती. डोळ्यांच्या रंगद्रव्याची आनुवंशिकता पाहायची तर एका माणसाचे डोळे कामाचे नाहीत, कुटुंबातल्या अनेकांचे हवेत, आई-मुलांचे, भावंडांचे, आणि तेही संशोधनाच्या मुदतीत. निरोगी मुलं आणि त्यांची आई एकाच वर्षा-दीड वर्षात मरतील हे गृहीत धरल्याशिवाय तिची मागणीच अर्थशून्य ठरते. तिने ते गृहीत धरलं. ज्या संशोधकाला नमुन्याची संख्या मोजता येते, त्याला मृत्यूची संख्याही मोजता येते. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे इथे टिकत नाही, कारण ठाऊक असल्याशिवाय प्रकल्पाची आखणीच होऊ शकत नव्हती.

दुसऱ्या टोकाची साक्ष आपल्याकडे आहे. मिक्लोश न्यिस्ली हे हंगेरीतले ज्यू डॉक्टर १९४४ मध्ये आउशविट्झला आणले गेले. शवविच्छेदनाचं शिक्षण असल्यामुळे मेंगेलेने त्यांना बिर्केनाउच्या दाहगृहाशेजारच्या खोलीत कामाला जुंपलं. ते जगले आणि युद्ध संपल्यावर त्यांनी साक्ष दिली. वेगवेगळ्या रंगांचे डोळे असलेल्या जुळ्या मुलांची शवं त्यांच्यासमोर आली तेव्हा हृदयात त्यांना क्लोरोफॉर्मचा वास आला. मुलं आजाराने मेलेली नव्हती, हृदयात इंजेक्शन देऊन मारलेली होती. डोळे द्रावणात घालून दाहलेमच्या पत्त्यावर गेले. पार्सलावर ‘तातडीचे, युद्धोपयोगी’ असा शिक्का असे, म्हणजे वाटेत खोळंबा होऊ नये. दाहलेमहून आभाराची पत्रं येत, असंही न्यिस्लींनी लिहिलं आहे.

जिप्सी छावणीत सुमारे २३,००० माणसं आणली गेली होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या ४,००० हून अधिक लोकांना विषारी वायूने मारून ती छावणी बंद करण्यात आली.

या संस्थेच्या दुसऱ्या एका विभागात हान्स नाख्ट्सहाइम होता. युद्धानंतर तो ‘स्वच्छ’ शास्त्रज्ञ म्हणून ओळखला गेला आणि बर्लिनमध्ये प्राध्यापक झाला. पण सप्टेंबर १९४३ मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने ब्रांडेनबुर्ग-ग्योर्डेनच्या मनोरुग्णालयातून अपस्माराच्या सहा मुलांना आणून हवाई दलाच्या कमी दाबाच्या कोठडीत बसवलं, झटका येतो का ते पाहण्यासाठी. ते रुग्णालय अपंग आणि मनोरुग्ण मुलांना मारण्याच्या नाझी योजनेचं केंद्र होतं. ही मुलं त्या प्रयोगात मेली नाहीत, म्हणून नंतर कोणी फारसं विचारलं नाही.

नियम होते

या प्रकरणाची चर्चा निघाली की एक मुद्दा हमखास येतो: न्युरेंबर्ग संहिता, म्हणजे नाझी डॉक्टरांच्या खटल्यात अमेरिकन न्यायाधीशांनी घालून दिलेले मानवी प्रयोगांचे नियम, १९४७ ची, त्याआधी प्रयोगांसाठी माणसाची संमती घ्यावी असा दंडक कुठे होता? जर्मनीत होता. १९३० मध्ये ल्युबेक शहरात बीसीजी लसीत क्षयाचे जिवंत घातक जंतू मिसळले गेले आणि ७० हून अधिक बाळं दगावली. देशभर संताप उसळला. त्यानंतर फेब्रुवारी १९३१ मध्ये जर्मन सरकारने नव्या उपचारांसाठी आणि मानवी प्रयोगांसाठी मार्गदर्शक नियम काढले. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय प्रयोग नाही, मुलांना धोका होईल असा प्रयोग नाही, माणसाच्या लाचारीचा फायदा घ्यायचा नाही. हे नियम नाझी राजवटीने औपचारिकपणे रद्दही केले नव्हते. दाहलेमच्या डॉक्टरांना नियम शोधायला अमेरिकन न्यायाधीशांची वाट पाहण्याची गरज नव्हती.

आणि जबरदस्ती? नकार दिला असता तर? फेरशूअरला आउशविट्झचं रक्त मागवलंच पाहिजे असा हुकूम कोणी दिला नव्हता. माग्नुसेनला डोळे घ्यायला कोणी भाग पाडलं नव्हतं. मागणी खालून वर गेली. हुकूमशाहीने त्यांच्यावर दबाव आणला असं म्हणण्यापेक्षा, हुकूमशाहीने त्यांना मोकळीक दिली असं म्हणणं पुराव्याला धरून आहे.

सुटका

१९४५ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा फेरशूअरने संस्थेची कागदपत्रं ट्रकांत भरून पश्चिमेला आपल्या गावाकडे हलवली. मेंगेलेशी झालेला पत्रव्यवहार त्यानंतर कधीच कुणाच्या हाती लागला नाही.

३ मे १९४६ ला ‘नॉये त्साइटुंग’ या वृत्तपत्रात रोबर्ट हावेमान यांचा लेख आला. हावेमान रसायनशास्त्रज्ञ होते. नाझी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती आणि तुरुंगातच ते संशोधन करत राहिले म्हणून फाशी लांबत गेली. फेरशूअरने आउशविट्झमधून डोळे आणि रक्त मागवलं, हे त्यांनी नाव घेऊन जाहीर केलं. फेरशूअरचं उत्तर असं की मेंगेले तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे एवढंच आपल्याला माहीत होतं. डिसेंबर १९४६ मध्ये न्युरेंबर्गला २३ जणांवर डॉक्टरांचा खटला सुरू झाला, त्यात फेरशूअर नव्हता. जुन्या नाझींची छाननी करणाऱ्या नाझीमुक्तीच्या न्यायाधिकरणाने त्याला ‘मागून चालणारा’, म्हणजे नुसता प्रवाहाबरोबर गेलेला, या वर्गात टाकलं आणि ६०० मार्क दंड केला.

इथवर असंही म्हणता येईल की उद्ध्वस्त देश, गोंधळ, पुरावे अपुरे. पण १९४९ मध्ये जे झालं ते शांतपणे, टेबलाशी बसून झालं. चार नामवंत शास्त्रज्ञांनी फेरशूअरबद्दल एक निवेदन तयार केलं. त्याला किती माहिती होती हे ठरवता येत नाही, आणि संशोधक व तरुणांचा शिक्षक होण्यासाठी लागणारे सगळे गुण त्याच्यात आहेत, असा त्याचा आशय. चौघांपैकी एक बुटेनान्ट, ज्याच्या संस्थेशी जोडलेला हिलमान या रक्ताच्या प्रकल्पात होता. दुसरा वोल्फगांग होय्बनर, औषधशास्त्रज्ञ, १९४४ मध्ये डाखाउ छळछावणीच्या कैद्यांना समुद्राचं पाणी पाजण्याचे प्रयोग ठरले त्या सल्लामसलतीत तो बसलेला होता. उरलेले दोघे माक्स हार्टमान आणि बोरिस रायेव्स्की. म्हणजे आरोपीचा निकाल करायला बसलेल्यांपैकी निदान दोघांना खोलात जाणं परवडणारं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात जड कागद हाच. १९४४ चा अहवाल लिहिला तेव्हा हुकूमशाही होती. १९४९ च्या निवेदनामागे कुणाचीही सक्ती नव्हती. आपल्यापैकी एकाला वाचवायचं, शास्त्राची अब्रू झाकायची, आणि स्वतःकडे बोट येऊ द्यायचं नाही, एवढंच कारण पुरलं. हे असं वागणं ओळखीचं वाटतं, कारण ते करायला हुकूमशहा लागत नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. १९५१ मध्ये फेरशूअर म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचा प्राध्यापक झाला, त्याने तिथे मोठी संस्था उभी केली, विद्यार्थी घडवले आणि सन्मानाने निवृत्त झाला. १९६९ मध्ये तो वारला. माग्नुसेन ब्रेमेनमध्ये शाळेत शिकवत होती. बुटेनान्ट १९६० ते १९७२ माक्स प्लांक सोसायटीचा अध्यक्ष होता. कैसर विल्हेल्म सोसायटीचीच ही वारसदार संस्था. मेंगेले १९७९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहताना मेला.

उशिराची माणसं

मौन मोडलं ते आतल्या माणसाने. कोलोनचे आनुवंशिकीतज्ज्ञ बेनो म्युलर-हिल यांनी प्रयोगशाळेतलं काम बाजूला ठेवून जुनी अनुदानपत्रं चाळली, हयात असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८४ मध्ये सगळं छापलं. त्यांच्या क्षेत्रातल्या अनेकांना ते आवडलं नाही. मेंगेले जुळ्यांना मुद्दाम रोगाची लागण करत असावा हा त्यांचा तर्क नंतरच्या अभ्यासकांना पटला नाही. आब्डरहाल्डेनच्या पद्धतीचा धागा १९९० च्या दशकानंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाला. पण दरवाजा म्युलर-हिल यांनी उघडला. माक्स प्लांक सोसायटीने १९९७ मध्ये स्वतंत्र इतिहासकारांचा आयोग नेमला, आणि ७ जून २००१ ला तिचे अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी बर्लिनमध्ये जाहीर माफी मागितली. समोर एवा मोझेस कोर आणि योना लाक्स बसल्या होत्या, लहानपणी मेंगेलेच्या तावडीतून वाचलेल्या जुळ्यांपैकी दोघी. गुन्ह्याला तोपर्यंत ५७ वर्षं झाली होती.

संस्थेची इमारत अजून उभी आहे. पत्ता ईनेश्ट्रासे २२. तिथे आता बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९८८ पासून दारावर पाटी आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात जवळच विद्यापीठाचं बांधकाम चालू असताना मजुरांना जमिनीत मानवी हाडं सापडली. न्यायवैद्यक तपासणी झाली आणि, कोणाची असू शकतात याची जाहीर चर्चा होण्याआधीच, ती हाडं जाळून पुरली गेली. टीका झाल्यावर पुढची खोदाई पुरातत्त्वज्ञ सुसान पोलॉक आणि राइनहार्ड बेर्नबेक यांच्या देखरेखीखाली झाली. सुमारे १६,००० तुकडे निघाले, किमान ५४ माणसांचे. काहींवर गोंदाच्या आणि लिहिलेल्या खुणांचे अवशेष होते, म्हणजे ती संग्रहातली होती. बरीचशी वसाहतींच्या काळातली असण्याची शक्यता आहे. काही नाझी काळातल्या बळींची असू शकतात, हेही नाकारता येत नाही.

डीएनए चाचणी करून कोणतं हाड कोणत्या खंडातल्या माणसाचं ते ठरवता आलं असतं, निदान प्रयत्न तरी करता आला असता. ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संघटनांना विद्यापीठाने विचारलं, आणि त्यांनी नको असं सांगितलं. हाडांची पुन्हा एकदा वंशवार विभागणी करायची म्हणजे ज्या संस्थेने ती इथे आणली तिचंच काम पूर्ण करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यापीठ आणि माक्स प्लांक सोसायटी दोघांनी ते मान्य केलं. २३ मार्च २०२३ ला दाहलेमच्या वन-दफनभूमीत सगळे अवशेष एकत्र पुरण्यात आले. माहिती मिळवता येत असूनही ती मिळवायची नाही, असा निर्णय त्या परिसरात झाला, आणि तो घेताना ज्यांची हाडं असू शकतात त्यांच्या माणसांना आधी विचारलं गेलं. १९२७ पासून तिथे कोणी हे केलं नव्हतं.